ऑपेरा हाऊसवाले, पुढे या!

वाचकहो, मुंबईत राहणाऱ्या माणसाला 'ऑपेरा हाऊस' हा शब्द काही नवा नाही. तो बसच्या पाटीवर असतो, टॅक्सीवाल्याच्या तोंडी असतो, लॅमिंग्टन रोडला सामान आणायला जाणाऱ्याच्या बोलण्यात असतो. पण ऑपेरा म्हणजे काय, असे विचारा. दहातले नऊ जण सांगतील, "चर्नी रोडला उतरायचं, पाच मिनिटांवर आहे." मीही त्या नऊ जणांतलाच होतो. दोन महिन्यांपूर्वीच्या एका दुसऱ्या शनिवारपर्यंत.

दुसऱ्या शनिवारी आमच्या कचेरीला सुट्टी असते. सुट्टी असते ती कचेरीला, मला नव्हे. सकाळी चहाचा कप समोर ठेवता ठेवता सौ.ने चिठ्ठी हातात दिली. मिक्सरच्या भांड्याचे कपलर आणि रबर. आईच्या रेडिओचे बटण, आवाज लहानमोठा करायचे. मुलीला हिशेबाच्या दोन मोठ्या वह्या. आणि येताना मेथी. "मेथी शेवटी घ्या, नाहीतर दिवसभर हिंडवून माना टाकलेली आणाल," ही तोंडी सूचना. पिशवीत मिक्सरचे भांडे आणि आईचा रेडिओ घालून मी निघालो.

त्या दिवशी कामांबरोबर आणखी एक बेत होता. आम्ही तिघे मित्र एका चाळीत वाढलो, एका शाळेत शिकलो. दोघांची नावे लिहीत नाही, त्याचे कारण पुढे येईल. एक बेस्टमध्ये कंडक्टर आहे, दुसरा एका कारखान्यात फिटर. त्यांना त्याच नावाने ओळखू. कंडक्टरचा पुतण्या सभागृहांमध्ये ध्वनियंत्रणेचे काम करतो. दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहात मोठ्या पडद्यावर परदेशातल्या ऑपेराचे चित्रीकरण दाखवणार होते, त्याचे तीन पास त्याने काकाला दिले होते. कंडक्टरने आठवडाभर आधी फोन करून सांगितले, "अरे, पंधरा वर्षं मी 'ऑपेरा हाऊसवाले, पुढे या' म्हणून ओरडतोय. एकदा बघू तरी, लोक नेमके कशासाठी उतरत होते ते."

मी आणि कंडक्टर लगेच तयार झालो. फिटर मात्र कुरकुरत होता. गेले काही महिने तो असाच वागत होता. घरी येतो म्हणायचा आणि यायचा नाही. आम्ही त्याच्याकडे येतो म्हटले की घरात काहीतरी निघायचेच. त्याची मोठी मुलगी एका दुकानात कामाला होती, ती नोकरीही तिने सोडल्याचे कानावर आले. विचारले तर म्हणाला, "लांब पडत होती रे." आम्ही विषय सोडला. शेवटी कंडक्टर सकाळी त्याच्या दारातच जाऊन उभा राहिला आणि त्याला घेऊन आला.

चर्नी रोडला उतरून आम्ही आधी ऑपेरा हाऊसची इमारत डोळे भरून पाहिली. रोज बाजूने जातो, पण मान वर करून कधी पाहिली नव्हती. हिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. कलकत्त्याचा नाटककंपनीवाला मॉरिस बँडमन आणि मुंबईतले कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ही काढली. बांधकाम अपुरे असतानाच १९११ साली बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. साहेबांसाठी बांधलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. मग सिनेमे आले. १९९३ साली ती बंद पडली तेव्हा आम्ही शाळेत होतो. पुढे वीसहून अधिक वर्षे दार बंद. डागडुजी होऊन २०१६ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा उघडली आणि त्या दिवशी तिथे मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांनी ऑपेरातली गाणी म्हटली. म्हणजे इमारतीला आपले नाव सार्थ करायला पुन्हा संधी मिळाली.

तिथून लॅमिंग्टन रोड दोन पावलांवर. एका गाळ्यात म्हाताऱ्या कारागिराने आईचा रेडिओ उघडला, फुंकर मारली, नवे बटण बसवले आणि पन्नास रुपये घेतले. चिठ्ठीवर पहिली काट मारली. मग चालत गिरगावातून लोहार चाळ. कपलर मिळाले, रबर मिळाले. वह्या अब्दुल रहमान स्ट्रीटला घेतल्या. वाटेत मिसळ खाल्ली. बिलावरून तिघांची नेहमीची ओढाताण झाली आणि नेहमीप्रमाणे कंडक्टरने सुटे काढून जिंकली. तीन कामे झाली, मेथी तेवढी राहिली. साडेतीनला आम्ही सभागृहाच्या दारात.

दारावरच्या रखवालदाराने माझ्या पिशवीत हात घातला तर आधी मिक्सरचे भांडे, मग वायर लोंबणारा रेडिओ. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. "साहेब, हे काय?" "दुरुस्ती," मी म्हणालो. आमच्या मागे अत्तराचा वास येत असलेल्या बाई थांबल्या होत्या. माझे कान तापले. कंडक्टर मोठ्याने म्हणाला, "दादा, पास बघा, पिशवी ठेवून घ्या, टोकन द्या. आमची रोजची सवय आहे." रखवालदारही हसला. तोही आपल्यासारखाच, दिवसभर उभा राहून पाय दुखलेला माणूस. त्याने पिशवी जपून ठेवली, भांड्याखाली कागद घातला. सांगायचे एवढेच की अशा ठिकाणी आपल्याला अडवतो तो दरवाजा पुष्कळदा आपल्याच मनात असतो. आम्ही आत गेलो आणि कोणी काही म्हणाले नाही.

आता ऑपेरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' आले. त्यात पात्रे बोलतात, मध्ये पद म्हणतात, पुन्हा बोलतात. वगातही तसेच, भीमराव कर्डकांच्या जलशाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत त्यातही तसेच. ऑपेरात मात्र बहुतेक सगळे गाऊनच. "दार उघड" हेही गाऊन आणि "भाडे दे" हेही गाऊन. ध्वनिवर्धक सहसा नसतो, आणि पन्नास-साठ वाद्यांच्या वरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. आपल्या शाहिरांनीही मैदाने अशीच गाजवली, तेव्हा ही ताकद काय असते हे आपल्याला समजावून सांगायला नको.

त्या दिवशी होता 'ला बोहेम'. जाकोमो पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा. १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरीन शहरात तो पहिल्यांदा रंगमंचावर आला, म्हणजे ज्या वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली त्याच वर्षी. मला वाटले होते राजा असेल, राणी असेल. पडदा उघडला तर समोर काय? माळ्यावरची एक खोली, थंडीने कुडकुडणारे तरुण मित्र, चुलीत लाकूड नाही आणि घरमालक भाडे मागायला दारात! कंडक्टर माझ्याकडे झुकून म्हणाला, "अरे, ही तर आपलीच चाळ."

खाली इंग्रजीत अक्षरे उमटत होती. फिटरला ती भराभर वाचता येईनात, म्हणून मी त्याच्या कानात मराठीतून सांगत होतो. चार मित्र आहेत. एक कवी, एक चित्रकार, एक वादक आणि एक पुस्तकी तत्त्वज्ञ. ऊब मिळावी म्हणून कवी आपल्या नाटकाचे कागद जाळतो. वादकाला कुठून तरी चार पैसे मिळालेले असतात, तो सगळ्यांसाठी खायला आणतो. घरमालकाला दारू पाजून, गप्पांत गुंतवून, भाडे न देताच बाहेर काढतात. फिटर हे पाहून हसला. त्याला हसताना मी किती महिन्यांनी पाहत होतो.

मग कवी रुडोल्फो एकटा असताना शेजारची मुलगी दारात येते. तिची मेणबत्ती विझलेली असते. जिना चढून तिला धाप लागलेली असते, घेरी येते. तिचे नाव मिमी. कपड्यावर फुलांचे भरतकाम करून पोट भरणारी. अंधारात तिची किल्ली पडते, दोघे शोधतात. किल्ली त्याला सापडते, पण ती तो खिशात लपवतो. शोधता शोधता तिचा हात त्याच्या हाताला लागतो. तो हात गार पडलेला असतो. प्रेम जमते. दुसऱ्या अंकात नाताळची गर्दी, हॉटेल, हसणेखिदळणे. त्याने तिला एक गुलाबी टोपी घेऊन दिलेली. चित्रकाराची जुनी मैत्रीण म्युझेटा एका श्रीमंत म्हाताऱ्याबरोबर येते आणि सगळ्यांचे बिल त्याच्या गळ्यात मारून मित्रांबरोबर निघून जाते. मध्यंतरात आतला चहा आमच्या खिशाला झेपणारा नव्हता, म्हणून बाहेर टपरीवर घेतला. तिघेही खुशीत होतो.

तिसऱ्या अंकात बर्फ पडत असतो. पहाटेची वेळ, शहराच्या नाक्यावर. रुडोल्फो मिमीला सोडून निघून आलेला. मित्र विचारतो, का सोडलेस? तो म्हणतो, ती चंचल आहे, दुसऱ्यांकडे पाहते. मित्राला ते पटत नाही. तेव्हा रुडोल्फो खरे बोलतो. मिमी आडोशाला उभी राहून ऐकत असते, हे त्याला ठाऊक नसते. मी फिटरच्या कानात भाषांतर करीत होतो: "तो खोटं बोलत होता. तिच्यात खोट नाही. तिला क्षय झालाय. ती रोज खोकते. याची खोली गार आहे, औषधाला पैसा नाही. ती याच्या डोळ्यांदेखत जाणार, ते बघवत नाही, म्हणून तिच्यावर आळ घेतो."

फिटरने माझा हात धरला आणि सोडला नाही. पडद्यावर मिमीला खोकल्याची उबळ आली आणि रुडोल्फोला कळले की ती सगळे ऐकत होती. माझ्या शेजारी माझा मित्र अंधारात रडत होता.

शेवटच्या अंकात म्युझेटा मिमीला त्याच माळ्यावर आणते. अगदी शेवटची घटका. आता मित्र काय करतात पाहा. म्युझेटा आपल्या कानांतली कुडी काढून देते, ती विकून औषध आणा, डॉक्टर आणा म्हणते. मिमीचे हात गार म्हणून हातांना ऊब देणारी लोकरी पिशवी स्वतः आणायला धावते. तत्त्वज्ञ आपला एकुलता एक जुना कोट काढतो, त्याचा निरोप घेतो आणि तो गहाण टाकायला जातो. कोटाला उद्देशून तो जे गातो, ते ऐकून सभागृहात चिडीचूप झाले. पण उशीर झालेला असतो. मिमी गेल्याचे सगळ्यांना कळते, सगळ्यांत शेवटी रुडोल्फोला.

आम्ही पिशवी घेतली आणि काही न बोलता मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो. सूर्य बुडायला आला होता. बऱ्याच वेळाने फिटर म्हणाला, "तो पोरगा खोटं का बोलला रे?"

कंडक्टर म्हणाला, "लाजेनं. गरिबीची लाज, रोगाची लाज."

"मी पण तुमच्याशी खोटं बोललोय," फिटर म्हणाला. "पोरीनं नोकरी लांब पडते म्हणून नाही सोडली. तिला टीबी झालाय."

मग सगळे बाहेर आले. खोकला महिनाभर होता. तपासणीत टीबी निघाला. पालिकेच्या हेल्थ पोस्टवर गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने तिने नेमाने घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढले. गोळ्यांनी मळमळायचे. वहिनी म्हणाल्या, बरी झाली की, आता कशाला त्या केंद्रावर हेलपाटे, वस्तीतले पाहतात. त्यातच पाहुणे बघायला येणार असे ठरत होते. गोळ्या बंद करून तीन आठवडे झाले होते. आणि दोन दिवसांपासून पुन्हा संध्याकाळचा ताप.

मला राग आला. म्हणालो, "अरे, तुझ्याच गल्लीत आम्ही आरोग्य शिबिराची पत्रकं वाटली. मला का नाही सांगितलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तू सभेत बोलतोस. दाखले देतोस. मला वाटलं, बोलता बोलता पोरीचं नाव तुझ्या तोंडून निघालं तर?"

वाचकहो, हे उत्तर मला लागले. सामाजिक कार्य करणाऱ्या प्रत्येकाने ते मनात ठेवावे. माणसे आपले दुःख आपल्यापासून लपवतात, याचा अर्थ ती अडाणी आहेत असा नाही. आपल्यावर त्यांचा तेवढा भरवसा बसलेला नाही, हा त्याचा अर्थ. मी त्याची माफी मागितली. आज हे लिहितो आहे ते त्या मुलीच्या परवानगीने. "नाव नको आणि वस्तीही नको, मग लिहा काका," ही तिची अट.

मला आमची काकी आठवली. मी लहान असताना तिला हाच रोग होता. तिचा कप खिडकीत वेगळा असे. आम्हा मुलांना त्याला हात लावायची मनाई. आता आपण जरा विचार करावा. ज्यांच्या आज्या-पणज्यांना हॉटेलच्या बाहेर वेगळ्या कपातून चहा प्यावा लागला, त्यांनी आपल्याच घरात आपल्याच माणसाचा कप वेगळा ठेवावा? आणि तेही विनाकारण! क्षय कपबशीने पसरत नाही. तो पसरतो खोकल्यातून हवेत उडणाऱ्या जंतूंमुळे. तोंडावर रुमाल किंवा मास्क, उघडी खिडकी आणि वेळेवर गोळी, हे त्याचे खरे बंदोबस्त. साध्या क्षयाचे योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती पुष्कळच कमी होते.

मिमीच्या गोष्टीतला काळ १८३० च्या आसपासचा. तेव्हा हा रोग कशाने होतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू दाखवला १८८२ साली. पुच्चिनीने ऑपेरा लिहिला तेव्हा जंतू माहीत होता, पण त्याला मारणारे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. म्हणजे म्युझेटाच्या कुड्या विकून आणि त्या तत्त्वज्ञाचा कोट गहाण टाकूनही मिमी वाचली नसती. विकत घ्यायला औषधच नव्हते.

आज आपल्याला कोट गहाण टाकावा लागत नाही. तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी रोग्याच्या बँक खात्यात महिन्याला पैसे देण्याची योजना २०१८ साली सुरू झाली. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. मुद्दा पैशाचा राहिलेला नाही, पुढे येण्याचा आहे. दोन महिन्यांनी बरे वाटते ते खरे, पण जंतू अजून शिल्लक असतात. गोळ्या तिथे सोडल्या तर तेच जंतू पुन्हा डोके वर काढतात आणि साध्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अवघड होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यांतले काहीही असेल तर थुंकी तपासून घ्यावी. गोळ्यांनी मळमळते, डोळे पिवळे दिसतात, नजर अंधुक होते असे काही वाटले तर डॉक्टरांना लगेच सांगावे, गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. लघवी लालसर-केशरी होते, ती एका औषधाच्या रंगामुळे. त्याला घाबरू नये.

त्या रात्री दादरला उतरून मी मेथी घेतली. फुलबाजाराच्या बाजूला बसलेल्या आजींनी उरलेल्या दोन जुड्या एकीच्या भावात दिल्या. मग खिशातून चिठ्ठी काढली, मेथीवर काट मारली आणि खाली पेनने एक ओळ वाढवली: सोमवारी हेल्थ पोस्ट.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कंडक्टरने पाळी बदलून घेतली. मुलगी, तिचे आईवडील आणि आम्ही दोघे असे पाच जण केंद्रावर गेलो. एवढा लवाजमा पाहून तिथल्या ताई म्हणाल्या, "वरात आणलीत की काय?" मुलगी पहिल्यांदा हसली. ताई रागावल्या नाहीत. गोळ्या का सोडल्या ते शांतपणे विचारून घेतले, थुंकी पुन्हा तपासायला घेतली, डॉक्टरांना दाखवले. मळमळ होते तर काय करायचे तेही डॉक्टरांनी सांगितले. ही साधी गोष्ट आधी विचारली असती तर तीन आठवडे फुकट गेले नसते. तपासणीचा निकाल आला तो चांगला. साध्या औषधांना जंतू दाद देतो आहे. उपचार पुन्हा सुरू झाला.

ताईंनी विचारले, रोज गोळी घेतली की नाही हे कोण पाहणार? वहिनी म्हणाल्या, मी. कंडक्टर म्हणाला, आम्हीपण. आठवड्याचे दिवस आम्ही वाटून घेतले. सोमवार-मंगळवार माझे, बुधवार-गुरुवार कंडक्टरचे, बाकीचे बापाचे. मी पहिल्या दिवशी सकाळी सातला फोन केला तर पलीकडून झोपाळू आवाज आला, "काका, फोन नका करू, मेसेज टाका. घेतली की मी उत्तर देते." तेव्हापासून रोज सकाळी एक शब्द येतो: 'घेतली.' आमच्या गहाण टाकायच्या कोटाची किंमत एवढीच, सकाळची दोन मिनिटे.

पाहुण्यांचे काय झाले, असे काही भगिनी विचारतील. मुलीने बापाला सांगितले, "आधी सहा महिने पुरे होऊ द्या. नंतर जे कोणी येतील त्यांना मी स्वतः सांगेन, झाला होता आणि बरा केला." वहिनींना हे पटायला चार दिवस लागले. पण पटले. मागच्या रविवारी आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे जेवायला गेलो. सौ.ने मेथीची भाजी करून नेली. चहा झाला तेव्हा मी मुद्दाम पाहिले, खिडकीत वेगळा कप नव्हता.

आईचा रेडिओ आता चांगला चालतो. नवे बटण फिरवून ती पहाटे आवाज मोठा करते आणि आमची झोप मोडते. परवा तिने विचारले, "तो तुमचा ऑपेरा कसा होता रे?" मी म्हणालो, "आपल्यासारख्याच माणसांची गोष्ट होती आई. फक्त त्यांच्याकडे औषध नव्हतं."

कंडक्टर अजून त्याच मार्गावर आहे. ऑपेरा हाऊसचा थांबा आला की घंटी मारून ओरडतो. म्हणतो, आता ओरडताना ती मिमी आठवते. वाचकहो, तुमच्या घरात, शेजारात कोणी खोकला लपवून बसले असेल, कोणी गोळ्या अर्ध्यावर टाकल्या असतील, तर त्यांना रागावू नका, त्यांचे नाव चारचौघांत घेऊ नका. हात धरून घेऊन जा. आणि लपून बसलेल्यांना माझ्या मित्राच्याच शब्दांत सांगतो: पुढे या! थांबा निघून गेलेला नाही.